तारीख वाढते ना, काका!

चालढकल कशी सोडावी यावर पुस्तकं पुष्कळ आहेत. ती सोडलेल्या माणसाचं पुढे काय होतं, यावर एकही नाही. ही उणीव मीच भरून काढतो, कारण वर्ध्यात दुसरं कुणी हे काम हाती घेऊन संपवेल अशी चिन्हं नाहीत.

माझी तक्रार साधी आहे. मी कामं वेळेवर करतो. बिल आलं की भरतो, पत्र आलं की उत्तर लिहितो, गॅस संपायच्या आधी नंबर लावतो. शाळेत असताना यासाठी पाठीवर थाप मिळायची. पुढे मीच मास्तर झालो आणि नोकरीभर तीच थाप दुसऱ्यांच्या पाठीवर देत आलो. शाळेच्या फाटकाबाहेर मात्र या गुणाला भाव नाही. दंड आहे, आणि तोही मी वेळेवर भरतो.

आमच्या जिल्ह्यात लोक कामं करत नाहीत, असं मी म्हणणार नाही. अडचण फक्त मुहूर्ताची आहे. जानेवारीत कुणाला काही सांगावं तर उत्तर येतं, ‘संक्रांत होऊन जाऊ द्या जी.’ संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. मग लग्नसराई. मार्च महिना मार्च एंडिंगचा, त्यात कुणी कुणाला ओळख देत नाही. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, मेमध्ये पंचेचाळीसच्या घरात जातो. ‘या उन्हात कोण मरते?’ असं विचारलं की पुढे बोलता येत नाही, कारण उन्हाने माणसं खरंच दगावतात. जूनमध्ये मिरग. पाऊस आला तर सगळे पेरणीत, नाही आला तर सगळे काळजीत. मग पोळा आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा पाहायला तर बाहेरगावचे लोक येतात, मग गावचे कामावर कसे जातील? पुढे गणपती, महालक्ष्म्या. पितृपक्षात नवं काम सुरू करत नाहीत. नवरात्रात उपास असतात. दिवाळी झाली की सगळी माणसं कापूस वेचायला, आणि डिसेंबर उजाडला की ‘आता नवीन वर्षातच पाहू.’ सगळा हिशेब केल्यावर कोजागिरी ते दिवाळी हे पंधरा दिवस मोकळे निघतात. त्या काळात घराची रंगरंगोटी असते.

लोकांचं एक वेळ सोडा. त्यांना सरकारचा भक्कम पाठिंबा आहे, हे जास्त टोचतं.

१ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावायची, असा फतवा निघाला. मुदत ३१ मार्च २०२५. माझी एमएच-३२ दुचाकी त्यात बसत होती. मी ५३१ रुपये भरले, वेळ घेतली, रांगेत उभा राहिलो आणि फेब्रुवारीतच प्लेट लावून घरी आलो. शेजारचा मुलगा फाटकाशी उभा होता. त्याने आधी प्लेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘काऊन घाई केली काका? तारीख वाढते ना.’

तारीख वाढली. ३० एप्रिल झाली. मग ३० जून. मग १५ ऑगस्ट. स्वातंत्र्यदिन पाहून तरी हे प्रकरण मिटेल असं मला वाटलं होतं. मग ३० नोव्हेंबर झाली आणि त्यानंतर ३१ डिसेंबर. प्रत्येक वाढीला तो मुलगा फाटकावरून मला नवी तारीख कळवायचा. त्यात खिजवणं नव्हतं, सहानुभूती होती. कुणाच्या घरी काही वाईट घडलं की आपण जसं हळू आवाजात बोलतो, तसं तो बोलायचा.

आयकराच्या विवरणपत्राचंही तेच. २०२५ साली ३१ जुलैची मुदत १५ सप्टेंबरवर नेली. फॉर्म बदलले होते, तेव्हा दीड महिन्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण १५ सप्टेंबरला रात्री आणखी एक दिवस वाढवून दिला, त्या एका दिवसावर माझा राग आहे. तो दिवस ज्या माणसासाठी होता त्याला मी ओळखतो. तो आमच्याच लेआउटमध्ये राहतो. आधारची कागदपत्रं ऑनलाइन फुकट अद्ययावत करायची सोय मार्च २०२३ मध्ये तीन महिन्यांसाठी म्हणून आली. ती वाढत वाढत १४ जून २०२६ पर्यंत पोहोचली. मी ते काम पहिल्याच आठवड्यात उरकलं होतं. पॅन-आधार जोडणीला १००० रुपये विलंबशुल्क लागलं, तेव्हा मात्र जगात न्याय शिल्लक आहे असं वाटलं. मग कळलं की ते शुल्क भरायचीही तारीख वाढली आहे.

विजेच्या बाबतीत तर गुणाची किंमत टक्क्यांत लिहून ठेवली आहे. बिल निघाल्याच्या तारखेपासून सात दिवसांत भरलं तर त्यावर एक टक्का सवलत मिळते. माझ्या बिलात त्या एक टक्क्यात टपरीवरचा चहाही येत नाही, पण मी ती घेतो. आता दुसरी बाजू पाहा. २०२४ मध्ये महावितरणची अभय योजना आली. बिल न भरल्यामुळे ज्यांचा पुरवठा कायमचा तुटला होता, त्यांच्यासाठी. व्याज माफ, विलंब आकार माफ, आणि उरलेली मूळ रक्कम एकदम भरली तर लघुदाब ग्राहकाला वर दहा टक्के सूट. म्हणजे सात दिवसांत भरणाऱ्याला एक आणि मीटर निघेपर्यंत न भरणाऱ्याला दहा. योजनेची मुदत वाढवली गेली, हे सांगायला नकोच.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. शेतकऱ्याच्या थकबाकीला मी चालढकल म्हणत नाही. पाऊस, कापसाचा भाव आणि सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक यांतलं काही त्याच्या हातात नसतं, आणि या जिल्ह्याने त्याची किंमत फार मोजली आहे. माझा मुद्दा नियमित कर्ज फेडणाऱ्या शेतकऱ्याचा आहे. महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झाली. नियमित फेडणाऱ्यांनाही ५०,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहन देऊ, असं २०२० मध्ये सांगण्यात आलं. ते पैसे खात्यांत पडायला लागले ऑक्टोबर २०२२ मध्ये. वेळ पाळणाऱ्याला बक्षीस मिळतं. ते वेळेवर मिळालं पाहिजे, असं कुठे लिहिलेलं नाही.

कचेऱ्यांचा अनुभव वेगळा सांगायला हवा. पेन्शनरांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. मी महिन्याच्या पहिल्याच दिवशी, काउंटर उघडायच्या वेळी हजर होतो. काउंटरवरच्या मॅडम माझ्याच ओळखीतल्या, स्वभावाने चांगल्या. त्या म्हणाल्या, ‘सर, आजच आले? अजून फॉर्मचा गठ्ठाच सोडला नाही. अख्खा महिना आहे ना.’

मी म्हटलं, ‘मॅडम, मी आज जिवंत आहे. लिहून घ्या.’

‘ते बरोबर आहे सर,’ त्या मायेने म्हणाल्या, ‘पण आज दिला अन् मध्ये काही झालं तर? पंधरा तारखेनंतर या.’

यावर मला काही बोलता आलं नाही. एक तारखेचा जिवंतपणा महिनाअखेरपर्यंत टिकत नाही, असा त्यांचा अनुभव असणार. मी पंधरा तारखेनंतर गेलो. तेव्हा रांग रस्त्यावर आली होती आणि मॅडम म्हणाल्या, ‘सर, तुम्ही लवकर यायला पाहिजे होतं.’

लग्नांचं तर बोलायलाच नको, तरी बोलतो. पत्रिकेवर मुहूर्त छापलेला असतो, अकरा वाजून पस्तीस मिनिटं. ती पाच मिनिटं पंचांग पाहून काढलेली असतात. मी सव्वाअकराला मंगल कार्यालयात पोहोचतो. तिथे दोन पोरं खुर्च्या उलगडत असतात आणि मुलीचे वडील बनियनवर, कानाला मोबाइल लावून केटररवर ओरडत असतात. ते मला पाहून हरखतात. ‘बरं झालं काका, तुम्ही आलात!’ म्हणतात आणि माझ्या हाती तांदळाची परात देतात. अक्षतांना कुंकू लावायचं राहिलेलं असतं. आहेराचं पाकीट खिशात आणि दोन्ही हात मनगटापर्यंत लाल, अशा अवस्थेत मी पुष्कळ लग्नं पाहिली आहेत. वरात तोवर बजाज चौकात नाचत असते. लग्न दोनला लागतं. दीडला आलेला माणूस म्हणतो, ‘अगदी वेळेवर पोहोचलो बाप्पा.’ त्याचं म्हणणं खोटं ठरवता येत नाही.

या सगळ्यावर तज्ज्ञांचं म्हणणं काय आहे, तेही पाहिलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये शहाण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या गावात, स्वावलंबी विद्यालयाच्या मैदानावर भरलं होतं. तिथल्या ग्रंथप्रदर्शनातून माझ्या भाच्याने चालढकलीवर मात करण्याचं पुस्तक आणलं. त्यावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. विचारलं तर म्हणतो, ‘मामा, ते एका बैठकीत वाचायचं आहे.’ त्याचं प्लास्टिक फाडणं बरं दिसेना, म्हणून मी दुसरी प्रत विकत आणून त्याच आठवड्यात वाचून काढली.

त्यात डेव्हिड ॲलन या अमेरिकन गृहस्थांचा नियम आहे की दोन मिनिटांत होणारं काम पुढे ढकलू नये, लगेच करून टाकावं. नियम चांगला आहे. पण वर्ध्यात दोन मिनिटांचं काम मला सापडलेलं नाही. एका कागदाची झेरॉक्स घ्या. दुकानात गेलं की लाइन गेलेली असते. लाइन आली की दुकानदार जेवायला गेलेला असतो. तो आला की टोनर संपतो. झेरॉक्स निघाली की दोन रुपये सुट्टे नसतात. ‘यूपीआय करून द्या’ म्हणतो, आणि मोबाइलवरचं चाक फिरत राहतं. तोवर ज्या कचेरीत तो कागद द्यायचा असतो, तिथे सर्व्हर डाऊन होतो.

दुसरी युक्ती फ्रान्सेस्को चिरिल्लो या इटालियन माणसाची. विद्यार्थी असताना त्याने स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ समोर ठेवलं आणि पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती अशी पद्धत काढली. मीही घड्याळ लावून लिहायला बसलो. सौ.ने स्वयंपाकघरातून आवाज दिला, ‘तुम्ही घड्याळ लावूनच बसले आहात तर जरा कुकरच्या शिट्ट्यांकडे लक्ष ठेवा.’ इटलीत कुकर नसावेत.

सगळ्यांत दुःखदायक कथा मात्र अर्थशास्त्रातली आहे. जॉर्ज ॲकरलॉफ हे अर्थशास्त्रज्ञ शिक्षण संपवून वर्षभर भारतात राहिले होते. त्यांचे मित्र जोसेफ स्टिगलिट्झ इकडे येऊन गेले आणि सोबत न्यायच्या सामानावर मर्यादा आली म्हणून कपड्यांचं एक खोकं मागे ठेवून गेले. ते अमेरिकेला पाठवायचं होतं. ॲकरलॉफ रोज सकाळी उठून ठरवायचे, उद्या पाठवू. असे आठ महिन्यांहून जास्त दिवस गेले. पाठवायला अख्खा दिवस मोडेल, असा त्यांचा अंदाज होता, आणि त्याचा दोष त्यांनी स्वतःला आणि भारतातल्या संथ कारभाराला वाटून दिला. शेवटी दुसरा एक मित्र सामान पाठवत होता, त्यात ते खोकं गेलं. १९९१ मध्ये त्यांचं चालढकलीवरचं जे व्याख्यान छापून आलं, त्यात या खोक्याची गोष्ट आहे. ते व्याख्यान आजही अभ्यासलं जातं. २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. व्याख्यानासाठी नव्हे, दुसऱ्या कामासाठी, पण मिळालं. त्याच वर्षी, त्याच पुरस्काराचे वाटेकरी होते स्टिगलिट्झ. त्यांचे कपडे आठ महिने वेळेवर आले नाहीत तरी त्यांचं काही अडलं नव्हतं. मी असतो तर ते खोकं दुसऱ्याच दिवशी टपालात टाकलं असतं, आणि जगाला त्याबद्दल काहीही कळलं नसतं.

हे सगळं सोसता आलं असतं. पण वेळेवर काम करणाऱ्याची खरी शिक्षा अशी की दुसऱ्यांनी लांबवलेली कामंही त्याच्याकडे येतात. मी घरपट्टी एप्रिलमध्ये भरतो, हे लेआउटमध्ये सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे एप्रिल लागला की सकाळी फाटक वाजतं. ‘सर, तुम्ही जातच आहात तर आमची पण भरून द्याल का? पैसे दिवाळीला देतो.’ गणपतीच्या वर्गणीचा हिशेब माझ्याकडे, कारण मी तो गणपतीतच देतो. बोअरच्या मोटरसाठी अर्ज माझ्याकडे. एका वहिनींच्या मुलाचा जातीचा दाखला माझ्याकडे. मुलगा तेव्हा घरी मोबाइलवर असतो, कारण त्याला ‘स्ट्रेस’ असतो. ज्यांनी कामं लांबवली ते निवांत आहेत, आणि वेळ पाळणाऱ्याला वेळ उरलेला नाही.

हे घडतं कुठे, तेही लक्षात घ्या. शहरापासून आठ किलोमीटरवर सेवाग्राम आहे. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी तिथे, तेव्हाच्या शेगावात, राहायला आले. कमरेला घड्याळ, पहाटे चारला उठणं, ठरल्या वेळी प्रार्थना आणि आलेल्या पत्रांना उत्तरं. एप्रिलच्या शेवटी वर्ध्याच्या उन्हात त्यांनी मुक्काम हलवला. ‘पावसाळ्यानंतर पाहू’ असं त्यांना कुणी सुचवलं नसेल, यावर माझा विश्वास नाही. प्रार्थना आजही होते. पण बापूकुटी पाहायची राहून गेलेले जन्मजात वर्धेकर मला माहीत आहेत. ‘इथंच तर आहे, केव्हाही जाता येते,’ असं ते म्हणतात. पाहुणे आले की जातात, आणि नेमकी त्या दिवशी पाहुण्यांना गाडी पकडायची असते.

१४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यसमितीने याच वर्ध्यात ठराव करून इंग्रजांना निघायला सांगितलं. ८ ऑगस्टला मुंबईत त्यावर शिक्कामोर्तब झालं आणि पाच वर्षांत इंग्रज गेले. त्याच वर्ध्यात मी प्लंबरला यायला सांगतो. तो ‘निघालोच’ म्हणतो. मागे त्याच्या घरच्या टीव्हीचा आवाज येत असतो. नळ गळत राहतो आणि खाली ठेवलेली बादली मी वेळेवर रिकामी करतो. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गालाही दोष देण्यात अर्थ नाही. तो २८४ किलोमीटरचा मार्ग २००८-०९ मध्ये मंजूर झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच्या वर्धा ते कळंब टप्प्यावर गाडी धावली. कळंबला चिंतामणीचं देऊळ आहे. गाडी तिथवर पोहोचली, पुढची चिंता तो पाहील.

तेव्हा चालढकल सोडू पाहणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. सोडता येते, अवघड नाही. पण सोडलीत तर कुणाला कळू देऊ नका. बिल भरा, पावती कपाटात खालच्या कप्प्यात ठेवा. नंबरप्लेट लावलीत तर महिनाभर तिच्यावर फडकं टाका. लग्नाला पावणेदोनला जा. कुणी विचारलं की डोकं खाजवून म्हणा, ‘करायचं आहे, पाहू दिवाळीनंतर.’ लोक तुम्हाला आपला माणूस समजतील आणि आपली कामं दुसऱ्या कुणाकडे नेतील. तो दुसरा कुणीतरी बहुतेक मीच असेन. तरी ज्यांची घरपट्टी राहिली आहे त्यांनी या एप्रिलमध्ये माझं फाटक वाजवू नये, ही विनंती. आणि वाजवायचंच असेल तर पैसे सोबत आणावेत.